तलावावर शिडाच्या बोटीचा सराव: क्रम कोणता लावायचा आणि कुठे चुकतं

शिडाच्या बोटीचा आठवड्याभराचा कोर्स झालेली चार-सहा मित्रमंडळी दोन बोटी मिळवून तलावावर जातात. बहुतेकांचा दिवस एकाच पद्धतीनं जातो. आल्या आल्या बोटी पाण्यात लोटायच्या, वारा नेईल तिकडे जायचं, समोरच्या काठाला पोहोचल्यावर परत यायचा प्रयत्न करायचा आणि दमून घरी जायचं. यात मजा येते, पण सराव होत नाही. आणि एखादी बोट पलीकडच्या काठाजवळ उलटली, तर ती सरळ कशी करायची हे दोघांनाही नीट आठवत नसतं, कारण ते कोर्समध्ये एकदाच, प्रशिक्षकाच्या मदतीनं केलेलं असतं.

इथे क्रम चुकतो. बोट पळवणं आधी आणि थांबवणं, उलटवणं 'कधीतरी नंतर' असं ठरवलं जातं. माझा आग्रह बरोबर उलटा आहे: आधी थांबणं, मग मुद्दाम उलटणं, मग वळणं आणि सगळ्यात शेवटी फेऱ्या. पुढचे टप्पे याच क्रमानं आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

हा लेख मूलभूत प्रशिक्षण झालेल्यांसाठी आहे. ज्यांनी शिडाची बोट कधीच चालवलेली नाही, त्यांनी तो वाचून पाण्यात उतरू नये. उदाहरणं दोन बोटींची घेतली आहेत. एक दोघांची एंटरप्राइझ, जी एनसीसीच्या नौदल शाखेत गेलेल्यांच्या ओळखीची असते, आणि दुसरी एकट्यानं चालवायची लेझर.

## १. तलाव निवडणं आणि परवानगी

महाराष्ट्रातले बहुतेक मोठे तलाव म्हणजे धरणांचे जलाशय. पाणी मोकळं दिसलं म्हणून कुणीही बोट टाकावी असं तिथे चालत नाही. जलाशय जलसंपदा विभागाच्या, महापालिकेच्या किंवा आणखी कुठल्या यंत्रणेच्या ताब्यात असतो आणि काहींमधून शहराला पिण्याचं पाणी जातं. परवानगी लेखी घ्या. एखाद्या क्लबच्या किंवा प्रशिक्षण संस्थेच्या धक्क्यावरून उतरत असाल, तर त्यांचे नियम आणि पाण्यात जायची हद्द आधी विचारून घ्या. भोपाळचा बडा तलाव किंवा हैदराबादचा हुसेनसागर इथे शिडाच्या बोटी नेहमी असतात, त्यामुळे तिथे सरावाची घडी बसलेली आहे. आपल्याकडच्या आडबाजूच्या जलाशयावर ती तुम्हालाच बसवावी लागते.

आदल्या दिवशी काठावरून चक्कर मारा आणि स्थानिक मच्छीमारांशी बोला. जाळी कुठे लावली आहेत, पाणी उतरल्यावर बुडालेली झाडं, जुने बांध, घरांच्या भिंती कुठे वर येतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मार्चमध्ये निर्धोक असलेला पट्टा मे महिन्यात सेंटरबोर्ड (बोटीच्या पोटातून पाण्यात खाली सोडलेली फळी) आपटण्याइतका उथळ झालेला असतो. जलपर्णीही पाहून ठेवा. ती सेंटरबोर्डाला आणि सुकाणूला गुंडाळली की बोट वळेनाशी होते.

सावध: धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी उपसण्याची विहीर यांच्या जवळपासही सराव नको. वारा पडला तर बोट तिथून बाहेर काढायला तुमच्याकडे काही साधन नसतं.

तपासा: बोट जिथे बांधणार (डोलकाठी, शीड, दोऱ्या लावून तयार करणार) आणि जिथून पाण्यात नेणार, त्या वाटेवर विजेच्या तारा आहेत का? डोलकाठी ॲल्युमिनियमची असते. उभी डोलकाठी घेऊन ट्रॉली ढकलताना सगळ्यांचं लक्ष खाली चाकांकडे असतं, वर कुणीच बघत नाही.

## २. वारा वाचणं

सरावाला ५ ते १० नॉटचा वारा उत्तम, म्हणजे ताशी साधारण ९ ते १८ किलोमीटर. ४ नॉटच्या खाली बोट जेमतेम सरकते. १२ नॉटच्या वर नवख्यांनी जाइबचा, म्हणजे वारा पाठीमागे असताना वळण्याचा, सराव करू नये. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो: ८ नॉटचा वारा १२ नॉट झाला, तर वेग दीडपट होतो पण शिडावरचा जोर सव्वादोनपट. अंदाज पाहताना सरासरी वेगावर थांबू नका, झोताचा आकडा बघा. बोट उलटते ती झोतानं.

ज्यांनी मुंबईच्या समुद्रात शिकलं आहे, त्यांना तलावावर पहिल्या तासात गोंधळायला होतं. समुद्रावर दुपारचा वारा बऱ्यापैकी एका दिशेनं, एकसारखा येतो. डोंगरांमधल्या जलाशयावर तो डोंगराला वळसा घालून, दरीतून, तुकड्यातुकड्यांनी येतो आणि क्षणात वीस-तीस अंश फिरतो. त्यामुळे पाण्याकडे बघायची सवय लावा. पाण्याचा काळसर, बारीक सुरकुतलेला पट्टा तुमच्याकडे सरकतोय म्हणजे झोत येतोय. तो पोहोचायच्या आधी मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, हातात मोकळी हवी. डोलकाठीच्या बाजूच्या तारेला खांद्याच्या उंचीवर लोकरीचा किंवा जुन्या कॅसेटच्या फितीचा वीतभर तुकडा बांधा. पुस्तकात दिशादर्शनाची कितीही साधनं असोत, चालत्या बोटीत सतत नजरेसमोर राहतो तो हाच.

वेळेचं म्हणाल तर हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं, त्या वेळात बोटी बांधा. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा वाढत जातो, म्हणून अवघड सराव त्याआधी आटपा. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा धोका असतो. ढग अजून लांब असतानाच त्याच्या पुढे धावणारा वारा तलावावर येऊन आदळतो, तोही सकाळच्या वाऱ्याच्या अगदी उलट दिशेनं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं 'दामिनी' हे विजेची सूचना देणारं ॲप काठावरच्या माणसाच्या फोनवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की चर्चा न करता सगळ्या बोटी बाहेर. भर पाण्यात सगळ्यात उंच वस्तू तुमची डोलकाठी असते.

## ३. कोण काय करणार

पाच-सहा जण आणि दोन बोटी, एवढ्यात सराव छान होतो. पण सगळे एकदम शिडाच्या बोटीत बसणार नाहीत, हे आधी ठरवा.

एकजण काठावर. त्याच्याकडे फोन, दुर्बीण असेल तर दुर्बीण, आणि पाण्यात कोण कोण आहे याची यादी. दोघं इंजिनाच्या मदतबोटीत. बाकीचे शिडाच्या बोटींवर. दर पाऊण तासानं अदलाबदल. मदतबोटीत बसणं म्हणजे शिक्षा असं समजू नका. दुसऱ्याची टॅक (वाऱ्याच्या तोंडातून वळणं) दहा मीटरवरून बघताना जे कळतं, ते स्वतः करताना कळत नाही.

मदतबोट मिळत नसेल, तर त्या दिवशी उलटवण्याचा सराव करू नका आणि काठापासून लांब जाऊ नका. यात तडजोड नाही.

मदतबोटीच्या चालकानं इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा पायाला बांधलेली हवी. पाण्यातल्या माणसाकडे जाताना सावकाश जायचं आणि तो हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंद करायचं, नुसतं न्यूट्रलमध्ये ठेवायचं नाही. बोटीत धारदार सुरी, वल्ही, ओढायची लांब दोरी, प्रथमोपचाराची पेटी आणि भरपूर पिण्याचं पाणी ठेवा. पाण्यात राहून तहान कळत नाही आणि दुपारी डोकं धरतं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पट्टे आवळून, काठापासूनच. छोट्या बोटीच्या सरावाला ५० न्यूटनची, हालचाल करू देणारी जॅकेट वापरतात. ती पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला तरंगत ठेवतात. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर वळवण्याची खात्री त्यांच्यात नसते. म्हणून पोहता न येणारा मित्र या सरावात नको. त्याला काठावरची जबाबदारी द्या.

तपासा: समोरच्याच्या जॅकेटचे खांदे धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत.

खुणा आधीच ठरवा. एक हात डोक्यावर उभा: मदत हवी. मुठीनं डोक्यावर थाप: मी ठीक. शिट्टीचे लांब सूर: सगळे परत. वाऱ्यात शब्द पोहोचत नाहीत.

## ४. काठावर बोट बांधणं

बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून मगच शीड चढवा. आडव्या वाऱ्यात चढवलेलं शीड भरतं आणि बोट ट्रॉलीवरून जमिनीवर लोळते. क्रम असा ठेवा:

1. मागच्या बाजूची पाणी काढायची बुचं घट्ट बसवा. विसरण्याच्या यादीत हे पहिलं आहे, म्हणून करण्याच्या यादीतही पहिलं.
2. हवेच्या टाक्यांची झाकणं आणि फुगे बघा. बोट उलटल्यावर तरंगणार ती यांच्या जिवावर.
3. डोलकाठीच्या तारांच्या पिना आणि त्यांवरच्या रिंगा तपासा. रिंगेवर चिकटपट्टी गुंडाळा.
4. दोऱ्या ओवा, मेनशीटच्या टोकाला आठाची गाठ मारा. गाठ नसेल तर दोरी कप्पीतून निसटते आणि शीड हातातून जातं.
5. सुकाणू बसवून त्याची खिट्टी लागल्याची खात्री करा. बोट उलटी झाल्यावर खिट्टी नसलेलं सुकाणू सरळ तळाला जातं.
6. डोलकाठीच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन बांधा. उलटलेली बोट पूर्ण पालथी होण्यापासून तो बराच आवरतो. बोट डौलदार दिसत नाही, पण सरावाच्या दिवसात त्याचं काही नाही.

तपासा: बोट बांधणाऱ्यानं बाजूला व्हायचं आणि दुसऱ्या जोडीनं यादी वाचत तपासायचं. आपणच बांधलेल्या बोटीतली चूक आपल्याला दिसत नाही.

## ५. पाण्यात उतरणं

वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल, तर उतरणं फार सोपं वाटतं. काठाजवळ पाणी शांत, बोट आपोआप बाहेर जाते. फसगत होते ती इथेच. शंभर-दोनशे मीटरवर आडोसा संपतो, वारा दुप्पट लागतो आणि परत यायचं ते वाऱ्याच्या तोंडावर. नवख्या गटानं अशा वाऱ्यात हद्द काठाच्या जवळ ठेवावी आणि मदतबोट बाहेरच्या बाजूला उभी करावी. पाण्याकडून काठाकडे वारा असेल तर बाहेर पडायला कष्ट पडतात, पण काही बिघडलं तर वाऱ्यानं बोट काठालाच येते. वारा काठाला समांतर असेल तर सर्वांत चांगलं.

एकानं मांडीभर पाण्यात उभं राहून बोटीचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं आत चढून सुकाणू आणि सेंटरबोर्ड जमेल तितकं खाली करायचं. सेंटरबोर्ड वरच ठेवून वाऱ्याच्या जवळ जायचा प्रयत्न केला, तर बोट खेकड्यासारखी आडवी सरकत परत काठाला लागते.

## ६. पहिला सराव: थांबणं

शिडाच्या बोटीला ब्रेक नसतो, तिला थांबायची एक जागा असते. वारा बाजूच्या थोडा पुढून येईल अशी बोट ठेवा आणि दोन्ही शिडं पूर्ण सोडा. शिडं फडफडतात, वेग जातो, बोट जवळजवळ जागेवर डोलत राहते. या स्थितीत पाणी पिता येतं, दोरी सोडवता येते, मित्राची वाट पाहता येते.

सराव असा: तरंगता कॅन नांगरून ठेवा. तीन-चार बोटींच्या अंतरावरून आडव्या वाऱ्यात या, किंचित वर, म्हणजे वाऱ्याकडे, वळा, शीड सोडा आणि कॅन हाताला लागेल अशी बोट थांबवा. कॅनवर आपटलात तर शीड उशिरा सोडलं. आधीच थांबलात तर शीड थोडं ओढून सरका, पुन्हा सोडा. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी सहज जमेपर्यंत हेच करा.

इथली नेहमीची चूक म्हणजे वारा पाठीमागे असताना घाबरून मेनशीट सोडणं. एंटरप्राइझमध्ये बूम (मोठ्या शिडाच्या खालची आडवी काठी) बाजूच्या तारेला टेकतं, शीड भरलेलंच राहतं आणि बोट पळतच राहते. मागच्या वाऱ्यात थांबायचं असेल तर आधी सावकाश वर वळायचं, मग शीड मोकळं करायचं.

## ७. दुसरा सराव: मुद्दाम उलटणं

जागा नीट निवडा. पाणी डोलकाठीच्या उंचीपेक्षा खोल हवं. काठाजवळ उथळ पाण्यात सुरक्षित वाटतं म्हणून तिथेच बोट उलटवतात, डोलकाठीचं टोक चिखलात रुततं आणि जोर लावला की वाकते. जलाशयाचा काठ जिथे तीव्र उताराचा असतो, तिथे जवळच खोल पाणी मिळतं. मदतबोट वीसेक मीटरवर, इंजिन चालू, लक्ष पूर्ण.

बोट उलटवा आणि पुढच्या क्रमानं सरळ करा.

1. आधी एकमेकांना हाक मारा. 'ठीक?' 'ठीक!' हे शब्द ऐकू येईपर्यंत बाकी काही करायचं नाही.
2. बोट सोडायची नाही. पोहत काठ गाठायचा विचार मनातही आणायचा नाही. वाऱ्यावर सरकणाऱ्या बोटीला पोहणारा माणूस गाठू शकत नाही, आणि पाण्यातलं एकटं डोकं शोधणं उलटलेली बोट शोधण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.
3. बूमवर, डोलकाठीवर किंवा बोटीच्या वर आलेल्या कडेवर लोंबकळू नका. त्या वजनानंच बोट पालथी होते.
4. सुकाणूवाल्यानं मेनशीटचं टोक धरून, बोटीला हात लावतच, मागून वळसा घालून सेंटरबोर्डाकडे जायचं. सहकाऱ्यानं आतून सेंटरबोर्ड पूर्ण बाहेर ढकललं आहे का ते बघायचं आणि वरच्या बाजूची जिबची (पुढच्या लहान शिडाची) दोरी पलीकडे फेकायची.
5. दोन्ही शिडांच्या दोऱ्या मोकळ्या आहेत ना? अडकलेल्या दोरीनं बोट उठते, शीड वारा भरतं आणि लगेच पुन्हा आडवी होते.
6. सुकाणूवाला सेंटरबोर्डावर, अगदी बोटीच्या पोटाजवळ पाय ठेवून चढतो. टोकावर उभं राहिलं तर बोर्ड मोडू शकतं. सहकारी आत, पाण्यात आडवा, पायपट्टा हलकेच धरून. त्यानं बोटीला लोंबायचं नाही, नुसतं तरंगायचं.
7. दोरी धरून, पाठ सरळ ठेवून मागे झुका आणि थांबा. शिडावरचं पाणी निथळायला वेळ लागतो. धक्के देऊन काही होत नाही. डोलकाठी पाण्यापासून सुटली की बोट वेगानं उठते आणि सहकारी आपोआप आत येतो. तो मग सुकाणूवाल्याला जॅकेटच्या खांद्याला धरून आत ओढतो.

डोलकाठी ज्या बाजूला पडली आहे, तिकडूनच वारा येत असेल तर घाई नको. बोट उठताना वारा शिडाखाली शिरतो आणि ती थेट सेंटरबोर्डावरच्या माणसावर उलटते. सहकाऱ्यानं पोहत पुढे जाऊन बोटीचं तोंड धरून राहायचं. थोड्या वेळात बोट त्याच्याभोवती फिरते आणि तोंड वाऱ्याकडे येतं. मग उठवा.

लेझरमध्ये सगळं एकट्यानं, पण सोपं. सेंटरबोर्डाच्या जागी वरून घालायचं डॅगरबोर्ड असतं. ते पूर्ण खाली आहे एवढं बघा, त्यावर वजन द्या आणि बोट उठताना तिच्या कडेवरून आत या.

सावध: कुणी शिडाखाली अडकलं, तर हात वर करून शीड ढकलायचं. खाली हवेची जागा तयार होते. श्वास घ्या, शिडाची एक शिवण पकडा आणि तिच्या कडेनं एकाच दिशेनं जात राहा; शिडाची कड येतेच. पालथ्या बोटीखाली सापडलात तरी आत हवा असते. पाय दोरीत नाहीत ना ते बघा, बोटीची कड धरून स्वतःला खाली ओढा आणि बाहेर या. हे दोन्ही काठावर तोंडानं म्हणून घ्या, मग मदतबोटीतल्या माणसाला पाण्यात शेजारी ठेवून एकेकानं करून बघा.

दोघांनीही दोन्ही कामं करायची. हात थरथरायला लागले की थांबा. दमलेल्या माणसाचा पुढचा प्रयत्न त्याला काही शिकवत नाही.

## ८. टॅक: वाऱ्याच्या तोंडातून वळणं

बोट थेट वाऱ्यात जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंचे साधारण ४५ अंश बंद असतात, म्हणून नागमोडी जावं लागतं. टॅकचा क्रम सगळ्यांना पाठ असतो, चूक वेळेत होते.

आधी वेग घ्या. मागे-पुढे बघा. 'तयार?' विचारा, 'तयार' ऐका. टिलर (सुकाणूचा दांडा) सावकाश ढकला, बोट वळायला लागली की थोडं जास्त. बूम डोक्यावर येताच खाली वाका, चेहरा पुढे ठेवून बाजू बदला, टिलर पाठीमागून दुसऱ्या हातात घ्या, बसा, टिलर सरळ करा. जिब पलीकडे भरायच्या आत ओढू नका.

टिलर एका झटक्यात टोकापर्यंत ढकललं, तर आडवं झालेलं सुकाणूच ब्रेक लावतं. बोट वाऱ्याच्या तोंडात अडकते, शिडं फडफडतात, काही चालत नाही. अशा वेळी टिलर हलवत बसू नका. बूम हातानं बाहेर ढकला आणि टिलरही त्याच बाजूला ढकला. बोट मागे सरकत वळू लागते. वारा एका बाजूनं आला की दोन्ही स्वतःकडे ओढा आणि निघा. हा सराव म्हणूनही मुद्दाम करा.

तपासा: मदतबोटीतून बघा. टॅक झाल्यावर बोट पूर्वीच्या दिशेशी साधारण काटकोनात आहे का? त्याहून बरीच जास्त वळत असेल, तर टिलर उशिरा सरळ होतंय.

## ९. जाइब: पाठीमागच्या वाऱ्यात वळणं

टॅकमध्ये शीड आधी रिकामं होतं. जाइबमध्ये ते भरलेलं असतानाच एका बाजूहून दुसरीकडे जातं. म्हणून बूमचा फटका बसतो तो इथे, आणि बोटी उलटतात त्याही इथेच. वारा ८ नॉटच्या आसपास असेल तेव्हाच सुरुवात करा.

- सेंटरबोर्ड अर्धं वर घ्या. पूर्ण खाली असेल तर बोट त्यावर अडखळून कलते, अगदी वर असेल तर डोलू लागते. लेझरचं डॅगरबोर्ड फार वर काढलं तर बूम किंवा व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) त्याला अडकतं.
- वारा सरळ पाठीमागे येईपर्यंत खाली वळा. जिब गळून पडला की समजा, ती जागा आली.
- मोठ्यानं सांगा: 'जाइब!' सहकाऱ्याचं डोकं खाली गेलेलं बघा.
- टिलर थोडंच फिरवा. मेनशीटचे पदर एकत्र मुठीत धरून बूम स्वतः आणा. ते आपोआप यायची वाट पाहिली तर सगळ्या जोरानं येतं.
- बूम मध्यावरून जात असतानाच टिलर सरळ. हा क्षण चुकला की बोट स्वतःच वर वळते, कलते आणि उलटते. माझ्या पाहण्यात जाइबमधली बहुतेक उलटापालट याच एका उशिरानं होते.
- वजन लगेच नव्या बाजूला.

लेझरमध्ये एक खास खोड आहे. बूम फिरताना मेनशीटचा सैल फास पाण्याकडे लोंबतो आणि बोटीच्या मागच्या कोपऱ्यात अडकतो. शीड मग पुरतं बाहेर जात नाही आणि बोट कलत जाते. बूम येण्याच्या क्षणी मेनशीटला एक जोरदार हिसका द्या, फास उडून कोपऱ्याच्या वरून निघून जातो. काठावर ट्रॉलीवर बोट ठेवून हा हिसका देऊन बघितला तरी हात बसतो.

वारा वाढला आणि जाइब नको वाटली, तर वर वळून, टॅक घेऊन, गोल फिरून त्याच दिशेला लागा. थोडं अंतर जास्त पडतं, एवढंच.

## १०. माणूस पाण्यात पडला तर

खरा माणूस पाण्यात टाकून हा सराव सुरू करू नका. कॅनमध्ये थोडं पाणी भरा, म्हणजे तो वाऱ्यानं पळणार नाही, आणि तो 'माणूस' समजा.

कॅन पडला की एकजण त्याच्याकडे बोट दाखवत राहतो आणि नजर काढत नाही. बोट आडव्या वाऱ्यात घेऊन पाच-सहा बोटींचं अंतर दूर जा. टॅक करा, जाइब कधीही नाही. मग थोडं खाली, म्हणजे वारा वाहतो त्या दिशेला, उतरून कॅनच्या वाऱ्याआडच्या बाजूला या आणि तिथून सहाव्या टप्प्यातल्यासारखं वर वळत, शिडं सोडत, कॅनशेजारी थांबा. कॅन वाऱ्याकडच्या बाजूला, डोलकाठीच्या तारेजवळ यायला हवा.

बहुतेक जण टॅक झाल्यावर सरळ कॅनकडे निघतात, खाली उतरत नाहीत. मग पोहोचताना वेग उरतो आणि 'माणसा'च्या अंगावरून बोट जाते. कॅन पलीकडे राहिला तर हात लांबवून बोट कलंडवू नका. गोल फिरून पुन्हा या.

## ११. त्रिकोणी फेरी

हे सगळं जमलं की तीन कॅन नांगरून त्रिकोण करा: एक वाऱ्याच्या दिशेला, दोन खाली. दोन बोटी एकत्र फिरवल्या की आपल्या चुका आपोआप दिसतात. नियम तीनच लक्षात ठेवा. बूम डावीकडे असेल, म्हणजे वारा उजवीकडून, तर हक्क तुमचा. बूम उजवीकडे असलेल्यानं बाजूला व्हायचं. दोघांचं बूम एकाच बाजूला असेल तर वाऱ्याकडच्या बोटीनं बाजूला व्हायचं. मागून येऊन ओलांडणाऱ्यानं जागा ठेवायची. मच्छीमाराची होडी दिसली तर हक्क वगैरे विसरून लांबून जा, तिच्या मागे जाळं असू शकतं.

## १२. परत काठावर

वारा काठाकडे वाहत असेल, तर भरल्या शिडानं काठावर येऊ नका. थोडं बाहेरच बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून मोठं शीड उतरवा आणि नुसत्या जिबवर सावकाश या. लेझरचं शीड पाण्यात उतरवता येत नाही, म्हणून काठाला समांतर येत, मांडीभर पाण्यात वाऱ्याकडे वळून उतरा. सेंटरबोर्ड आणि सुकाणू वेळेवर वर घ्या. उतरताना बोटीच्या आणि काठाच्या मध्ये उभं राहू नका.

काठावरच्या माणसानं यादीवर खूण करत सगळे आले हे बघायचं, मदतबोट सगळ्यात शेवटी बाहेर. मग बुचं काढून बोट तिरकी करा आणि किती पाणी निघतं ते बघा. हवेच्या टाकीतून लोटाभर पाणी आलं, तर झाकण किंवा सांधा गळतोय. त्या जागी खडूनं खूण करा आणि दुरुस्ती होईपर्यंत ती बोट कुणाला देऊ नका.